कोरी पाठ

“तुमच्या पाठीवर काहीच नव्हतं, काका,” फौजदार म्हणाला. “म्हणजे तुम्ही त्या बायकांपैकी नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तुम्ही चुकून त्यांच्या रांगेत उभे राहिलात. तेवढा जबाब द्या आणि घरी जा.”

आवाज इतका मऊ होता, की म्हाताऱ्याला एकदम रागच आला. कालपासून त्याच्याशी सगळे असेच बोलत होते, दुखऱ्या दातावरून जीभ फिरवावी तसे. तो चौकीतल्या बाकावर बसला होता. बाकावर एक सोडून एका जागेवर लाल पट्टीची फुली मारली होती आणि फुलीवर बसायचं नाही असा नियम होता. काल मात्र ह्याच चौकीच्या गाडीतून त्याला आणि त्या बायकांना इथे आणलं, तेव्हा गाडीत फुल्या नव्हत्या. एकीचं कोपर त्याच्या बरगडीत, दुसरीची पिशवी त्याच्या गुडघ्यांवर, आणि दार लावणारा शिपाई ओरडत होता, “सरका, आत सरका, अजून दोघी आहेत!” अंतर ठेवलं नाही म्हणून नव्हे, अंतर ठेवून उभ्या होत्या म्हणून त्यांना धरलं आणि मग एका डब्यात कोंबलं. हे कुणाला तरी सांगून हसावं असं त्याला तेव्हापासून वाटत होतं. पण जिला असल्या गोष्टी सांगून हसायची त्याला सवय होती, तिचं हसू दीड वर्षापूर्वी अर्ध्या तोंडावर येऊन थांबलं होतं.

ती म्हणजे त्याची बायको, आता वृद्धसेवा केंद्रात असलेली. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि गिळणं गेल्यातच जमा झालं. पाणीसुद्धा पातळ असलं तर ठसका लागून फुफ्फुसात उतरायचं. त्यासाठी एक पूड मिळते, ती घातली की पाणी घट्ट होतं, चमच्याने भरवता येतं. साथ सुरू झाल्यापासून ही पूड बाजारातून गायबच झाली होती. काल सकाळी तो त्याच पुडीच्या मागे निघाला होता. तीन दुकानं पालथी घातली. चौथ्याकडे जाताना आरोग्य कार्यालयाच्या लांबलचक भिंतीशी त्याला रांग दिसली. तोंडाला मुखपट्ट्या, मध्ये नीट अंतर, प्रत्येकीच्या हातात पिशवी. अशी शिस्तीची रांग दिसली की काहीतरी दुर्मीळ मिळत असणार, हे त्या दिवसांत लहान मुलालाही कळत होतं. तो जाऊन शेवटी उभा राहिला. पुढच्या बाईला विचारलं, “काय मिळतंय?” ती वळली नाही, नुसती मान जराशी हलवून म्हणाली, “अजून काही नाही. उभे राहा.” माल अजून आला नसेल, असं त्याने धरलं. उभं राहायची त्याची तयारी होती. पोस्टाच्या खिडकीमागे त्याची सगळी नोकरी गेली. रांगेचं तोंड तो जन्मभर बघत आला होता, शेपटाला उभं राहण्याची हौस निवृत्तीनंतर भागत होती.

“लिहू ना मग?” फौजदाराने कळफलक पुढे ओढला. त्याची मुखपट्टी हनुवटीवर आली होती आणि डोळे पाळीवर पाळी करून लाल झाले होते. माणूस वाईट नव्हता, हीच मोठी पंचाईत होती. “असं लिहितो. काहीतरी वाटप आहे असा समज करून देऊन सदर महिलांनी मला गर्दीत उभं केलं, त्यामुळे माझ्या जिवाला धोका निर्माण झाला. बरोबर?”

“समज त्यांनी करून दिला नाही. मी करून घेतला.”

“तेच ते.”

तेच ते नव्हतं. रात्री घरी सोडलेला तो आज सकाळी जबाबासाठी परत आला, तेव्हा चौकीच्या पायरीवर वकीलबाई भेटल्या होत्या. त्या बायकांच्या वकील, काखेत फाइल, एका हातात अर्धं खाल्लेलं केळं. त्यांनी घाईघाईत पण सरळ सांगितलं होतं. नुसती बंदी मोडली तर बायकांना दंड होईल, तो कसाबसा भरता येईल. पण एका म्हाताऱ्या, निरपराध माणसाला फसवून गर्दीत ओढलं असं त्याच माणसाने लिहून दिलं, की गुन्हा वेगळा होतो. तसा गुन्हा नावावर असलेली बाई आजाऱ्यांच्या सेवेचं काम पुन्हा करू शकत नाही. “आमच्याविरुद्ध तेवढा एकच जबाब ते जमवू शकतात, तो तुमचा,” त्या म्हणाल्या. मग केळ्याची साल कुठे टाकावी ते न कळून ती हातातच धरून राहिल्या. “मला सोयीचं बोला असं मी म्हणणार नाही. जे झालं तेवढंच सांगा.” ह्या बाईंनी त्याला गळ घातली असती तर बरं झालं असतं. झटकून टाकता आली असती. जे झालं ते सांगा, म्हणे! काय झालं होतं नेमकं?

तो उभा होता. पुढच्या बाईच्या खांद्यावरची मोठी पिशवी पाठीवर लोंबत होती. ऊन वाढलं. तिने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पाठीवर टाचणीने लावलेला कागद दिसला. ठळक, शाळकरी अक्षर. ‘सकाळी एका केंद्रात, संध्याकाळी दुसऱ्या केंद्रात. आजार आम्हीच नेतो. आम्हाला एकाच ठिकाणी पूर्ण पगार द्या.’ मुखपट्टीतून बोलणं नीट ऐकू जात नाही आणि घोषणा दिल्या तर थुंकी उडते, म्हणून त्यांनी ओरडायचं नाही, पाठीवर लिहायचं, असं ठरवलं होतं. पुढचीचं म्हणणं मागची वाचणार. रस्त्याने जाणारा सगळ्यांचं वाचत जाणार. त्याने मान वाकडी करून पुढच्या पाठी पाहिल्या. प्रत्येक पाठीवर कागद होता. ह्या वृद्धसेवा केंद्रांमधल्या सेविका होत्या. कुठल्याच केंद्राला त्या दिवसभरासाठी परवडत नव्हत्या, म्हणून अर्धा दिवस इथे, अर्धा तिथे. रांगेला बंदी नाही, जमावाला आहे, म्हणून त्यांनी रांग लावली होती.

वाचल्यावर पहिल्यांदा त्याला स्वतःचाच राग आला. एवढी साधी गोष्ट, पोस्टात जन्म घालवलेल्या माणसाला कळू नये! मग बायकांचा आला. पूड नाही, काही नाही, माझी सकाळ फुकट घालवली. आणि मग तिसरा राग आला, तो कुणाचा ते त्याला लवकर उमगेना. बायको ज्या केंद्रात आहे तिथे साथीच्या सुरुवातीला तिच्या मजल्यावर ताप आला होता. समोरच्या खाटेवरच्या आजी गेल्या, खिडकीपाशी असायच्या त्या शिक्षिका गेल्या. बायको वाचली, का वाचली ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. केंद्राचे व्यवस्थापक तेव्हा म्हणाले होते, “एका सेविकेकडून आला हो. काय करणार, बाहेर कुठे कुठे जातात ह्या.” जणू बाई तो आजार हौसेने बाजारातून विकत घेऊन आली होती. आणि त्यानेही मान डोलावली होती. बाहेर कुठे कुठे जातात! कुठे जातात ते आता त्याच्या डोळ्यांसमोर, टाचणीने टोचून लावलेलं होतं. त्या दुसऱ्या म्हाताऱ्यांना भरवायला जातात.

आणि तो तिथून हलला नाही. घोडं इथेच अडत होतं. वाचल्यावर तो गेला असता तर फौजदाराचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं असतं. पण तो थांबला. पुढची बाई पाऊलभर पुढे सरकली तेव्हा तोही पाऊलभर सरकला. नंतर तिने त्याला विचारलं, “तुमचं कोण आहे केंद्रात?” तो म्हणाला, “बायको.” ती म्हणाली, “मग बरं झालं आलात.” ‘आलो नव्हतो, चुकलो होतो,’ असं सांगायला तो तोंड उघडणार होता. उघडलं नाही. ह्या न उघडलेल्या तोंडापाशी तो रात्रभर घुटमळत होता. ती लाज होती का? की इतक्या महिन्यांनी कुणीतरी त्याला बरं झालं आलात म्हणालं होतं, ह्याची भूल? घरी भिंतींशी बोलून बोलून माणसाची किंमत इतकी उतरते, की कुणी रांगेत जागा दिली तरी गहिवर येतो. ते असेल. पण तेवढंच नव्हतं. त्याला उभं राहायचं होतं. त्याच्या पायांना ते त्याच्या आधी कळलं होतं.

खिशातला फोन थरथरला. दुसऱ्या शहरातून मुलगी. तो बाकावरून उठून व्हरांड्यात गेला.

“बाबा, झालं का? दिला जबाब?”

“देतोय.”

“देतोय म्हणजे काय? काल रात्री आपलं ठरलं ना? खोटं बोलायला कुणी सांगत नाहीये. चुकूनच उभे राहिलात ना तुम्ही?”

“राहिलो चुकून.”

“मग?”

“नंतर कळलं.”

“कळल्यावर काय फरक पडला? बाबा, माझं ऐका. तुमच्यावर केस झाली तर तुमचा भेटीचा पास जाईल. आई दुसऱ्या कुणाच्या हातचं पोटभर खाते का? सांगा ना. आठवड्यातून तीनदा तुम्ही जाता म्हणून ती जिवंत आहे, हे डॉक्टर म्हणाले होते, मी नाही.” तिचा आवाज फाटला. “आईपेक्षा त्या बायका जास्त झाल्या का तुम्हाला?”

मुलीचं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या माणसावर चिडता येत नाही, म्हणून तो व्हरांड्यातल्या कुंडीवर चिडला. कुंडीत कुणीतरी विड्यांची थोटकं खोचून ठेवली होती. “तुझी आई ज्यांच्या हातात चार दिवस असते त्या त्याच बायका आहेत गं,” तो शेवटी म्हणाला. “मी जातो ते तीन दिवस. उरलेले चार दिवस ती कुणाच्या हातात असते?”

“ते सगळं खरं. पण ते तुम्हीच का सोडवायचं? साठीच्या पुढच्या माणसाने घराबाहेर पडू नये म्हणून सरकार कानीकपाळी ओरडतंय आणि तुम्ही मोर्चात!”

“मोर्चा नव्हता. रांग होती.”

“बाबा!”

“बरं, मोर्चा होता,” तो म्हणाला आणि त्याला हलकं वाटलं. कालपासून हा शब्द कुणीच सरळ उच्चारत नव्हतं. फौजदार जमाव म्हणत होता, वकीलबाई रांग म्हणत होत्या, तो स्वतः चूक म्हणत होता. “मोर्चाच होता. आणि मी त्यात होतो. ठेवतो आता.” मुलगी पलीकडे रडायच्या बेतात होती हे कळूनही त्याने फोन ठेवला. नंतर बराच वेळ त्याचा अंगठा काळ्या पडद्यावरच राहिला. आपण हे फार कठोर वागलो, असं त्याला वाटलं.

परत खोलीत आला तेव्हा फौजदार जबाबाची दोन वाक्यं लिहून बसला होता. “वाचून दाखवू?”

“साहेब, मी पोस्टात होतो.”

“माहीत आहे. लिहिलंय वर.”

“एखादं पत्र चुकीच्या घरी पडलं, तर त्या घरच्या माणसाचा काही दोष नसतो. त्याला माहीतच नसतं. पण पाकिटावरचं नाव वाचलं, आणि तरी त्याने ते ठेवून घेतलं, तर मग ते चुकून आलेलं पत्र राहत नाही. त्याने ठेवलेलं पत्र होतं.”

फौजदाराने कपाळ चोळलं. “काका, मला सकाळपासून चहा मिळालेला नाही. सरळ बोला.”

“उभा राहिलो तेव्हा चूक होती. त्या बाईच्या पाठीवरचं वाचलं, त्यानंतर चूक नव्हती. असं लिहा.”

“अहो, अर्धी चूक असं काही असतं का? एक तर चूक, नाहीतर गुन्हा. मला इथे दोनच चौकोन आहेत.”

“मग दुसऱ्या चौकोनात खूण करा.”

फौजदार खुर्चीत मागे रेलला. आता त्याचा मऊपणा संपला होता, आणि म्हाताऱ्याला पहिल्यांदाच त्याच्याशी बोलताना बरं वाटलं. “तुम्हाला काय वाटतं, मला हौस आहे म्हाताऱ्यांवर केस करायची? माझी आई घरात आहे, दोन महिने मी तिच्या खोलीत गेलेलो नाही. दारातून ताट सरकवतो. रोज आकडे बघतो. लोक ऐकत नाहीत म्हणून माणसं मरतायत. ही बंदी काय आमच्या गमतीसाठी आहे? मोर्चे काढायचेत ना, काढा. साथ संपू द्या, मग रोज काढा. कोण नाही म्हणतंय?”

“साथीबद्दलचं गाऱ्हाणं साथ संपल्यावर मांडायचं?”

“तक्रार अर्जाने करता येते.”

“त्यांनी केला होता. तो टपालाने पाठवला होता, पोच आहे त्यांच्याकडे.” तो थोडा थांबला, मग आवाज त्याच्या इच्छेविरुद्ध चढला. “तुमची बंदी मी पाळतो. पहिल्या दिवसापासून पाळतो. दारातून ताट सरकवायचं म्हणजे काय ते मला शिकवू नका, भेटीचा पास मिळेपर्यंत मी पंच्याऐंशी दिवस खिडकीबाहेरून हात हलवला आहे! पण औषधाच्या दुकानासमोर अंतर ठेवून उभं राहिलं तर आजार होत नाही, आणि तेवढंच अंतर ठेवून आरोग्य कार्यालयासमोर उभं राहिलं तर होतो, असा कोणता आजार आहे हा? त्या बायका एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात आजार नेतायत, हे त्या स्वतः सांगतायत. तुम्ही सगळ्यांनी मिळून जे शोधून काढायला हवं, ते त्या पाठीवर लावून उन्हात उभ्या राहिल्या. त्यांनी सांगायचंही नाही? मग बंदी कशाला आहे, आजाराला की तोंडाला?”

बोलून झाल्यावर त्याला धाप लागली आणि मुखपट्टी आत ओढली गेली. शेजारच्या टेबलावरचा शिपाई कागद चाळायचा थांबला होता. फौजदाराने घड्याळाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर पटल्याचं काही नव्हतं, चिडल्याचंही नव्हतं. आज आपल्याला आणखी एक काम वाढलं, एवढंच होतं. हेच म्हाताऱ्याला सर्वांत असह्य झालं. इतकं सगळं पोटातून बाहेर काढावं आणि समोरच्याने घड्याळाकडे बघावं. त्याला वाटलं, आपण अजूनही परत फिरू शकतो. एक शब्द पुरे. घरी जाऊन भात शिजवू, मऊ, गिचका, थोडं मीठ, आणि चार वाजता तिच्या खाटेशी बसू. ती डाव्या डोळ्याने दाराकडे बघत असेल. भेटीच्या दिवशी ती दुपारपासून बघत असते, हे तिला कसं कळतं ते कुणालाच ठाऊक नाही. हा डोळा एका पारड्यात टाकला तर दुसऱ्या पारड्यात काय टाकायचं? एका अनोळखी बाईची पाठ? त्याने खूप प्रयत्न केला, आणि प्रामाणिकपणे त्याला कुठलंच पारडं जड वाटेना. वजन करून सुटणारी ही गोष्ट नव्हती. त्याला फक्त एवढंच कळत होतं, की समोर लिहिलेली ती दोन वाक्यं त्याची नव्हती.

“पास जाणार,” फौजदार म्हणाला. “केसचा निकाल लागेपर्यंत. आमच्या हातात नाही ते, नाव चढलं की आपोआप रद्द होतो. कल्पना आहे ना?”

“आहे.”

“बायकोला कळवून ठेवा.”

“तिला कळवता येत नाही,” तो म्हणाला.

फौजदाराने दोन्ही वाक्यं खोडली. मग त्याने सांगितली तशी नवी लिहून घेतली, एकही शब्द न बदलता, आणि सहीपुरता स्वतःचा पेन दिला. पेन देण्यापूर्वी तो जंतुनाशकाने पुसला, परत घेतल्यावर पुन्हा पुसला.

चार वाजता तो केंद्राच्या फाटकाशी होता. का आलास असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. डबा घेऊन आला होता. फाटकावरच्या यंत्राने त्याचा पास वाचला आणि लाल दिवा लावला, इतक्या तत्परतेने सरकारी काम झालेलं त्याने नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. रखवालदाराने आत फोन करून पास का रद्द झाला तेही सांगितलं. थोड्या वेळाने एक सेविका खाली आली, तरुण, नवी, त्याने आधी पाहिलेली नव्हती. मुखपट्टीच्या दोऱ्या तुटून गाठी मारलेल्या.

“द्या, मी भरवते,” ती म्हणाली.

त्याने डबा दिला, पण सोडला नाही. “ऐका. डाव्या बाजूने भरवायचं. चमचा खालच्या ओठाला टेकवून थांबायचं, ती स्वतः तोंड उघडते. खा म्हणायचं नाही, खा म्हटलं की ती तोंड मिटते. गिळलं की गळ्याकडे बघायचं, गळा दोनदा हलला पाहिजे. मग दुसरा घास. मध्ये बोलत राहायचं, काहीही, हवापाण्याचं. पाऊण तास लागतो.”

ती सगळं ऐकून घेत होती. तिच्या डोळ्यांत झोप होती आणि झोपेमागे एक प्रकारची दया होती, ती त्याला मुळीच नको होती. “काका,” ती म्हणाली, “मला मजल्यावर सगळ्यांना भरवायचंय. सहाच्या आत. सहाला मी दुसऱ्या केंद्रात असते.”

त्याच्या डोक्यात भडका उडाला. तो तिच्यावर ओरडणार होता, ओरडायला दुसरं कुणी समोर नव्हतं, आणि तीही ते ओळखून मान खाली घालून तयार राहिली होती. सवयीची असावी. त्याने डबा सोडला.

“काल मी पण तिथे उभी राहणार होते,” ती एकदम म्हणाली. “पण दोन्हीकडे पाळी होती. तुम्हाला ठाऊक आहे ना ते, आरोग्य कार्यालयासमोरचं? परत कधी आहे?”

काल त्या बायकांना धरलं होतं, त्यांतल्या निम्म्या अजून जामिनावरही सुटलेल्या नव्हत्या. परत काही ठरलं असणं शक्यच नव्हतं.

“सोमवारी,” तो म्हणाला. “सकाळी.”

“सोमवारी माझी सकाळ इथे असते,” ती म्हणाली. जरा विचार केला. “बघते. कुणाशी तरी पाळी बदलून घेते.” आणि डबा छातीशी धरून ती जिना चढून गेली.

तिला पाऊण तास मिळणार नव्हता. फार तर दहा मिनिटं. ती खा म्हणणार, आणि बायको तोंड मिटणार, डावा डोळा दाराकडे लावून. आज ती उपाशी राहणार हे त्याला पक्कं कळत होतं. रखवालदार म्हणाला, “फाटकासमोर उभं राहता येणार नाही, काका.” तो हलला नाही. त्याने खिशातून फोन काढला आणि सोमवारचं सांगायला वकीलबाईंचा नंबर लावला.